पाच जणी आणि एक पाट

आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी काय चाललेलं असतं ते तुम्हांला सांगायला नकोच. ५ जुलै २०२५, शनिवार. साबुदाणा धुऊन झाकून ठेवलेला, शेंगदाणे भाजून झालेले पण सोलायचे राहिलेले, रताळी पाण्यात. अशा ऐन गडबडीत आमची लेक ह्यांचा मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली, तो पिठाच्या डब्याला टेकवून ओट्यावर उभा केला आणि मला म्हणाली, "आई, आता दोन तास मला काही काम सांगू नकोस. भारत आणि थायलंडची मॅच आहे."

"क्रिकेटची?"

"नाही गं! फुटबॉलची. मुलींच्या."

मी गप्प बसले. त्याला कारण होतं. शाळा सुरू झाल्या झाल्या तिने एक कागद आणला होता. शाळेत मुलींचा फुटबॉल संघ निघणार, आठवी-नववीच्या मुलींनी नावं द्यायची आणि पालकांची सही आणायची. तो कागद मी फ्रीजवर, औषधांच्या डब्याखाली ठेवला आणि म्हटलं, "बघू." आपल्या घरांतून 'बघू' या शब्दाचा अर्थ काय होतो, हे प्रत्येक मुलीला कळतं. तिलाही कळला. तिने पुन्हा विषय काढला नाही. पण कागदही परत मागितला नाही.

मी स्वतः एका शाळेत अर्धा दिवस शिकवायला जाते. दुसऱ्यांच्या मुलींना "अगं, घरात काय बसता, खेळा की!" असं मधल्या सुट्टीत सांगणारी बाई मीच. आपल्या लेकीची वेळ आली, तेव्हा मात्र पाय पडून गुडघा गेला तर, उन्हाने रापली तर, क्लास बुडाला तर, तिन्हीसांजेला मैदानावरून एकटी घरी येणार ती कशी, हे सगळे 'तर' एकदम अंगावर आले. शिवाय अर्धी चड्डी. ती सोसायटीतून कशी जाणार, हेही मनात आलं. खोटं कशाला सांगू!

जमा वजा खर्च

टीव्हीवर मला काही तो सामना सापडला नाही, म्हणून मोबाइलवरच. सासूबाई शेंगदाणे सोलायला बसल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "कुठे चाललाय हा खेळ?"

"आजी, थायलंडमध्ये. चियांग माई म्हणून गाव आहे."

"मग जिंकल्या तर कप मिळणार का?"

"कप नाही मिळत. जिंकल्या तर स्पर्धेत जायला मिळणार."

"म्हणजे ही स्पर्धा नव्हेच?"

सासूबाईंचा हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल, म्हणून लेकीने त्यांना सांगितलं ते तुम्हांलाही सांगते. आशिया खंडातल्या देशांची महिला फुटबॉलची मोठी स्पर्धा दर काही वर्षांनी असते. पुढची मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात ठरली होती. तिथे बाराच संघांना जागा. त्यांतली एक यजमान ऑस्ट्रेलियाची आणि मागच्या स्पर्धेतल्या कामगिरीवर चीन, दक्षिण कोरिया आणि जपान यांच्या तीन. राहिल्या आठ. त्या आठ जागांसाठी चौतीस देश! त्यांचे आठ गट पाडले आणि नियम असा, की गटात जो पहिला येईल तोच ऑस्ट्रेलियाला जाणार. दुसरा आलात तर शाबासकी घ्या आणि घरी जा.

भारताच्या गटात पाच संघ होते. भारत, थायलंड, मंगोलिया, तिमोर-लेस्ते आणि इराक. सगळे सामने चियांग माईलाच, २३ जून ते ५ जुलै. प्रत्येकीने बाकीच्या चौघींशी एकेकदा खेळायचं. जिंकलं तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक, हरलं तर शून्य.

"म्हणजे पंगतीला पाच जणी आणि पाट एकच," सासूबाई म्हणाल्या. मला वाटतं, पात्रता फेरीची याहून सोपी व्याख्या कुणी करू शकणार नाही.

आता गंमत पाहा. शेवटच्या दिवसापर्यंत भारताने तिन्ही सामने जिंकले होते आणि थायलंडनेही तिन्ही. दोघींचे गुण नऊ. असं झालं की गोलांचा फरक बघतात. हा फरक म्हणजे आपल्या घरखर्चाच्या वहीसारखा असतो. केलेले गोल ही जमा, खाल्लेले गोल हा खर्च, आणि वजाबाकी करून हाती उरते ती शिल्लक. भारताने मंगोलियाला १३, तिमोर-लेस्तेला ४ आणि इराकला ५ गोल केले होते. एकूण २२. खाल्ला एकही नाही. थायलंडने त्याच तिघींना ११, ४ आणि ७ केले. एकूण २२. खाल्ला एकही नाही!

तराजूच्या दोन्ही पारड्यांत अगदी सारखं वजन. त्यामुळे या दोघींचा शेवटचा सामना हाच निकाल. त्यातही बरोबरी झाली, तर पेनल्टीवर ठरणार, म्हणजे गोलरक्षकासमोर एकेकीने उभं राहून चेंडू मारायचा. सामना थायलंडच्या घरात, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर. जागतिक क्रमवारीत थायलंड ४६ वा आणि आपण ७० वे.

हे ऐकल्यावर सासूबाईंनी शेंगदाण्यांचं ताट बाजूला सारलं आणि खुर्ची ओट्याजवळ ओढली.

तेरा गोल करणाऱ्या या कोण?

सामना सुरू व्हायच्या आधी लेकीने मला नावं सांगितली. ती नावं तिला पाठ होती. मी तिचा भूगोल घेते तेव्हा राज्यं तिच्या लक्षात राहत नाहीत, पण इथे एकेका खेळाडूचं राज्य ती धडाधड सांगत होती. कर्णधार स्वीटी देवी मणिपूरची. ग्रेस डांगमेईही तिथलीच. प्यारी शाशा ओडिशाची. मंगोलियाविरुद्धच्या तेरा गोलांपैकी पाच एकट्या प्यारीचे. मनीषा कल्याण पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातली. युरोपातल्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळलेली ती पहिली भारतीय स्त्री, २०२२ साली सायप्रसच्या एका क्लबकडून. तिमोर-लेस्तेविरुद्धच्या चार गोलांपैकी दोन तिचे. सौम्या गुगुलोथ तेलंगणाची. मालविका केरळची. किरण पिस्दा आपल्या शेजारच्या छत्तीसगडची. प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री.

मी मनात हिशेब करत होते. यांतल्या बऱ्याच जणी गावांतल्या, डोंगराळ भागांतल्या, लहान घरांतल्या. आम्ही शहरात राहणारे, डबल दरवाजे आणि वॉचमन असलेले. आणि सहीला घाबरतो आम्ही!

एक नाव मात्र लेकीने मुद्दाम शेवटी सांगितलं. संगीता बासफोर. बंगालमधल्या कल्याणीची, मधल्या फळीत खेळणारी. "हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आई. तरी परत आली."

गुडघा म्हटल्यावर माझे कान टवकारले. लेक माझ्याकडे बघत होती. तिने ते नाव शेवटी का ठेवलं, ते मला कळलं आणि मला कळलंय हे तिलाही कळलं.

आपल्या दारातून परत गेलेली पंगत

सामन्याकडे वळण्याआधी साडेतीन वर्षं मागे जाऊ या, कारण ती गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे.

आशियाई महिला स्पर्धा जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतात झाली, तीही मुंबई, नवी मुंबई आणि पुणे इथे. अंधेरीचं मैदान, नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम आणि पुण्याचं बालेवाडी. घरचं कार्य म्हणून भारताची जागा राखीव होती, पात्रता फेरी खेळावी लागली नव्हती. २००३ नंतर पहिल्यांदाच आपल्या मुली या स्पर्धेत उतरल्या होत्या. २० जानेवारीला इराणशी पहिला सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला. २३ तारखेला चायनीज तैपेईशी दुसरा. पण ते दिवस करोनाचे. भारताच्या बारा खेळाडूंना लागण झाल्याचं निघालं. मैदानात उतरायला संघाकडे तेव्हा किमान तेरा खेळाडू लागत, तेवढ्या उरल्याच नाहीत. सामना रद्द झाला आणि नियमाप्रमाणे भारताने माघार घेतली असं धरलं गेलं. इराणशी खेळलेला सामनासुद्धा पुसून टाकला.

कल्पना करा. महिनोन् महिने तयारी, घरचं मैदान आणि हरण्याचीसुद्धा संधी नाही! पुढे त्याच नेरुळच्या मैदानावर अंतिम सामना झाला आणि चीनने दक्षिण कोरियाला ३-२ असं हरवून कप नेला. तेव्हा आपल्यापैकी किती जणींना ही बातमी माहीत होती? मला तरी नव्हती. पनवेलला माझी नणंद राहते. नेरुळ तिच्यापासून किती लांब! तिलाही नव्हती.

त्यामुळे या वेळी राखीव पाट नव्हता. चियांग माईला जाऊन, चौघींशी खेळून, पहिलं यायचं होतं. पात्रता सामने जिंकून भारत या स्पर्धेत कधीच गेला नव्हता.

दोन गोल आणि एक कढई

सामना सुरू झाला. थायलंडच्या मुली चपळ. चेंडू त्यांच्याच पायांत जास्त दिसायला लागला. मला ऑफसाइड काही कळत नव्हता. लेक समजावून सांगत होती, "चेंडू पुढे मारतात त्या वेळी आपली खेळाडू त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे जाऊन उभी असेल तर चालत नाही. गोलरक्षक धरून मोजायचं." सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे वाढणारी यायच्या आधीच पुढच्या पानावर जाऊन बसायचं नाही." झालं! मला कळलं.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला संगीताने लांबूनच असा चेंडू मारला की तो थेट जाळीत. लेक ओरडली. ओट्यावरचा मोबाइल आडवा पडला. बाहेरच्या खोलीतून हे धावत आले, "काय झालं? भाजलं का कुणाला?"

मध्यंतरापर्यंत १-० असं आपल्या बाजूने. मी तेवढ्यात भाजीला फोडणी घातली. पण मध्यंतर संपून दोनच मिनिटं होतात न होतात तोच थायलंडच्या चच्चावान रोडथाँगने गोल केला. १-१. खाल्लेला पहिला गोल. लेक एकदम गप्प झाली. चौदा वर्षांच्या मुलीचं गप्प बसणं आयांना ओरडण्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

त्यानंतरचा अर्धा तास माझी भाजी करपली. खरंच करपली, कढई दोन दिवस चिंचेने घासावी लागली. थायलंडच्या मुली पुन्हा पुन्हा चाल करत होत्या, आपल्या मुली अडवत होत्या. सासूबाई दर दोन मिनिटांनी विचारत, "किती वेळ राहिला?" चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला डावखुऱ्या-उजव्या बाजूंचा माझा गोंधळ उडालेला असतानाच शिल्की देवीने चेंडू उंच आत टाकला आणि कुणाचं तरी डोकं सगळ्यांच्या वर आलं. तीच. संगीता बासफोर. डोक्याने मारलेला चेंडू जाळीत. २-१.

उरलेली सोळा मिनिटं आणि वरची वाढीव मिनिटं कशी गेली ते विचारू नका. शिट्टी वाजली तेव्हा आपल्या मुली मैदानावर एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चला, पाट मिळाला."

चार सामने, बारा गुण, चोवीस गोल केले आणि एकच खाल्ला. तो हिशेब लेकीने फ्रीजवरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिला. लिहून झाल्यावर तिने कागद उलटला. तो सहीचा कागद होता.

ही वाट जुनी आहे

रात्री सगळी निजानीज झाल्यावर मी थोडं वाचलं. बी.ए.ला इतिहास होता माझा, त्यामुळे कुठलीही गोष्ट पहिल्यांदा कधी झाली ते पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

मला वाटत होतं, मुलींचा फुटबॉल हे काल-परवाचं खूळ. तसं मुळीच नाही. इंग्लंडमध्ये १९२० सालच्या नाताळात एका कारखान्यातल्या बायकांच्या संघाचा सामना पाहायला लिव्हरपूलच्या मैदानात सुमारे त्रेपन्न हजार माणसं लोटली होती. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल मंडळाने हा खेळ बायकांना योग्य नाही असं ठरवून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. म्हणजे 'लोक काय म्हणतील' ही फक्त आपल्याच आळीतली गोष्ट नाही.

आपल्याकडे १९७५ साली महिला फुटबॉलचं स्वतंत्र मंडळ निघालं. त्यानंतर थोड्याच वर्षांत कोझिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली उपविजेत्या ठरल्या. १९८३ साली पुन्हा अंतिम सामन्यात पोचल्या आणि हरल्या. कुणाशी? थायलंडशी, थायलंडमध्ये! त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलसाठी हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

सकाळी मी हे सासूबाईंना सांगितलं. १९८३ साली त्या नव्या सूनबाई होत्या. लग्नाआधी त्या शाळेच्या खो-खोच्या संघात होत्या, हे मला इतकी वर्षं माहीत होतं. पण त्या दिवशी त्यांनी पुढचं सांगितलं. जिल्ह्याच्या सामन्यांसाठी त्यांची निवड झाली होती. दुसऱ्या गावी एक रात्र मुक्काम होता. त्यांचे वडील म्हणाले, "बघू."

खिचडी ढवळता ढवळता त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, नाही म्हटलं असतं तर मी रडून मोकळी तरी झाले असते. ते 'बघू' मी अजून बघतेय."

मी फ्रीजवरचा कागद काढला आणि सही केली.

मैदानावर जाणाऱ्या लेकीसाठी

सही करणं एक मिनिटाचं काम. माझी भीती तेवढ्याने गेली नाही, आणि आयांच्या सगळ्याच भीती खुळ्या नसतात. म्हणून मी खेळाच्या बाईंना आणि आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून इथे देते.

गुडघा : धावता धावता एकदम वळणं, उडी मारून एका पायावर उतरणं, यात गुडघ्याच्या आतला बंध दुखावतो. हे वाढत्या वयाच्या मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त घडतं, ही गोष्ट खरी. पण त्यावर उपाय आहे. खेळाआधी वीस मिनिटं ठरावीक व्यायाम करायचे, उकिडवं बसून उठणं, एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून गुडघे किंचित वाकवून हलकं उतरणं. फिफाने यासाठी 'अकरा प्लस' नावाची व्यायामांची मालिकाच बसवून दिली आहे आणि तिने दुखापती कमी होतात असं आढळलं आहे. तुमच्या मुलीचे प्रशिक्षक हे करून घेतात का, तेवढं आवर्जून विचारा. गुडघा सुजला तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

बूट आणि पोटऱ्या : थोरल्या भावाचे बूट चालणार नाहीत. सैल बुटात पाय मुरगळतो. अंगठ्यापुढे बोटाच्या अर्ध्या पेराएवढी जागा असावी. नडगीवर लावायच्या पट्ट्या महाग नसतात, त्या घ्याच. खेळताना घालायची घट्ट बॉडीसही हवी. मुली लाजेने मागत नाहीत, आपणच आणून द्यावी.

खाणं : भरल्या पोटी धावता येत नाही आणि उपाशीपोटी तर मुळीच नाही. खेळाच्या दोन-अडीच तास आधी पोळी-भाजी किंवा वरणभात, निघताना एक केळं. परत आल्यावर लगेच काहीतरी द्या, दूध, अंडं, उसळ, दाण्याची चिक्की, जे घरात असेल ते. पाळी सुरू झालेल्या आणि खेळणाऱ्या मुलींना लोह जास्त लागतं. पालेभाज्या, कडधान्यं, तीळ, हळीव असावेत. वर लिंबू पिळावं आणि जेवणाबरोबर चहा देऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. मुलगी सारखी दमते, फिकट दिसते असं वाटलं तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

पाणी : बाटली घरूनच द्या. उन्हाळ्यात त्यात चिमूट मीठ, साखर आणि लिंबू.

पाळी : त्या दिवसांत खेळलं तर चालतं. त्रास होत असेल तर विश्रांती, नसेल तर खेळू द्या. मात्र खूप सराव आणि अपुरं खाणं यामुळे पाळी तीन महिने आलीच नाही, तर 'बरं झालं, कटकट गेली' म्हणू नका. डॉक्टरांकडे जा.

ऊन : रापते, हे खरं. दोन महिने मैदान बंद असलं की उजळते, हेही खरं. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

येणं-जाणं : आम्ही चार आयांनी मिळून पाळ्या लावल्या आहेत. एका दिवशी एकीने सगळ्यांना आणायचं. माझी पाळी गुरुवारी असते. पहिल्यांदा मी मैदानाच्या कडेला वह्या तपासत बसत असे. आता वह्या पिशवीतच राहतात.

गुरुवारची संध्याकाळ

पुढचं थोडक्यात सांगते. २०२५ च्या जुलैअखेरीस ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेचे गट जाहीर झाले. भारताच्या वाट्याला जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई आले. जपान म्हणजे २०११ सालचा जगज्जेता. आणि चायनीज तैपेई म्हणजे नेरुळला ज्यांच्याशी खेळायचं राहून गेलं तेच. पंगतीत पाट मिळाला म्हणजे पुढे सगळं गोडच वाढलं जातं असं नाही. पण बसायला मिळालं, तेही कुणी हात धरून न बसवता. मला त्याचंच अप्रूप वाटतं.

मोठ्या स्पर्धांना दिवे असतात, झेंडे असतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. पात्रता फेरीला यातलं काही नसतं. पाच देशांच्या मुली दोन आठवडे एका परक्या गावात राहतात, निम्म्या जगाला पत्ताही नसतो, आणि चौघी निमूट घरी जातात. तरी त्या फेरीशिवाय पुढचं दार उघडत नाही. आमच्या घरात ती फेरी तीन आठवडे फ्रीजवर, औषधांच्या डब्याखाली अडकून पडली होती, आणि समोरच्या बाजूने मीच खेळत होते.

आमची लेक शाळेच्या संघात राखीव खेळाडू आहे. पहिल्या सामन्यात तिला शेवटची आठ मिनिटं मिळाली. संघ चार-शून्य हरला. मी घाबरत घाबरत विचारलं, "फार वाईट वाटलं का गं?"

"वाटलं ना," ती मोजे काढता काढता म्हणाली. "पण आई, माझ्या आठ मिनिटांत एकही गोल झाला नाही हं."

जमा नाही, खर्चही नाही. शिल्लक शून्य. सासूबाई आतून म्हणाल्या, "मग कुठे बिघडलं! हात-पाय धू आणि जेवायला बस."

मोज्यांना चिकटलेली लाल माती साध्या साबणाने निघत नाही. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवावे आणि मग ब्रशाने घासावे. निघते.